सायमन कंपाउंडर आणि कडूपणाचं मूळ

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सभांचं एक जाड रजिस्टर आहे. त्यातल्या एका पानावर वाक्य आहे, 'श्री. सायमन यांनी सर्व आरोप मान्य केले.' अक्षर माझं. शिरोरेघ सरळ, पूर्णविराम ठळक. वाक्य खोटं आहे. सायमनभाऊंनी त्या दिवशी एकही आरोप मान्य केला नव्हता. ज्या निनावी पत्रातून ते आरोप आले, ते पत्रही मीच लिहिलं होतं. फिर्यादी मी, कारकून मी, आणि सभा उठल्यावर "देव सगळं पाहतो, भाऊ" असं म्हणत त्यांच्या हातात चहाचा कप देणाराही मीच. देव पाहत होता, यात शंका नाही. तो फक्त मध्ये बोलला नाही.

मी आता शहात्तर वर्षांचा आहे. रजिस्टर अजून कपाटात आहे, सायमनभाऊ नाहीत. म्हणून हे लिहायला बसलो.

राजुऱ्याच्या पुढे, जंगल सुरू होतं तिथलं आमचं गाव. तिथे मिशनचा एक लहान दवाखाना होता आणि सायमनभाऊ त्यात कंपाउंडर. बुटके, रंगाने काळे, कानांवर केसांची झुडपं. शर्टाच्या खिशात पेन आणि थर्मामीटर शेजारी शेजारी असायचे. एकदा घाईत त्यांनी एका पेशंटाच्या तोंडात पेन दिलं. दोन मिनिटांनी चूक लक्षात आली, तर म्हणाले, "ठेव तसंच. शाई उकळली तर ताप आहे असं समजू."

बाटलीत भरण्याआधी प्रत्येक औषध ते स्वतः चाखत. समोरच्याला सांगत, "आधी माह्या तोंडाकडे पाह्य. मी पडलो तर पिऊ नको." हिवतापाचं कडू औषध पाहून बाया म्हणत, "भाऊ, जराशी साखर टाका नं." भाऊ म्हणत, "टाकतो. पण मंग हिवतापाले बी गोड लागते. तो घरी जाचं नाव घेत नाई."

आमचे पाळकसाहेब चंद्रपूरला राहत आणि महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या रविवारी येत. बाकीच्या रविवारी उपदेश करायचे सायमनभाऊ. ते काही बायबल कॉलेजात शिकलेले नव्हते. दवाखान्यातल्या परदेशी डॉक्टरीणबाई मायदेशी गेल्या तेव्हा दोन पुस्तकं मागे राहिली होती, ग्रीक नवा करार आणि ग्रीकचा एक जाडजूड शब्दकोश. लेबलं दाबून ठेवायला भाऊ तो कोश वापरत. एक दिवस उघडून पाहिला, तर वाळवीनं अर्ध्याहून जास्त खाल्ला होता. शिल्लक होता तो ग्रीकच्या 'पी' या अक्षरापासून पुढे. दुसऱ्या कोणी तो चुलीत घातला असता. भाऊंनी रोज दुपारी जेवण झालं की सात-आठ ओळी, असं करत बारा वर्षांत तो पाठ केला.

त्यामुळे भाऊंना ग्रीक यायचं ते 'पी'पासून पुढचंच. विश्वास, आत्मा, प्रकाश, कृपा यांचे ग्रीक शब्द त्यांना तोंडपाठ. प्रेम, शांती, पश्चात्ताप हे आधीच्या अक्षरांतले. ते वाळवीच्या पोटात गेले. पाळकसाहेब प्रेमाचा ग्रीक शब्द घेऊन तासभर बोलले, की भाऊ बाहेर आल्यावर म्हणत, "असंल बाप्पा. माह्या डिक्शनरीत प्रेम नाई. वाळवीले जास्त गरज होती."

त्यांचा लाडका शब्द होता पिक्रिया. कडूपणा. उरलेल्या कोशाच्या पहिल्या काही पानांतच तो सापडायचा. त्यावर त्यांनी वर्षातून किमान चार उपदेश केले असतील. पुढच्या बाकावरच्या बाया तर पिक्रियाचं नाव निघालं की पाय लांब करून बसत, म्हणजे आता वेळ लागणार.

"पह्यले हा शब्द चवीचा नव्हताच," भाऊ सुरू करत. "टोकदार. अणकुचीदार. बाणाचं टोक असते नं, तसं. जे टोचते ते. जिभेले टोचलं म्हणून मंग कडू झालं. आता मले सांगा, पायात बोरीचा काटा गेला आन् तुम्ही काढला नाई, तर काय होते? वरून कातडी येते. दिसाले पाय एकदम मस्त. चालाले लागला का समजते."

मग ते इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राकडे वळत. त्या पत्रात म्हटलं आहे की कडूपणाचं मूळ उगवू देऊ नका, त्याने पुष्कळांना बाधा होते. भाऊ चष्मा कपाळावर सरकवून सगळ्या मंडळीकडे पाहत. "मूळ कुठी असते? जमिनीत. दिसते का? नाई. आता एकमेकाईचे चेहरे पाह्या. किती छान हसून राह्यले सगळे. इथीच खोदलं तर दोन बैलबंड्या मुळं निघतील."

आपल्या नावावरूनही ते स्वतःला सोडत नसत. "बायबलात दोन सायमन आहेत न् दोघाईलेही हा शब्द चिकटला. एक सायमन जादूगार. त्याले पेत्रानं तोंडावर सांगितलं, तुह्यात कडू जहर भरलं आहे म्हणून. पण पेत्राचं पह्यलं नाव काय? सायमनच. त्यानं येशूले तीनदा नाकारलं आन् बाहेर जाऊन कडू रडला. तोच शब्द. फरक येवढाच, का तो बाहेर जाऊन रडला. आपल्या मंडळीत लोक आत येऊन रडतात आन् बाहेर जाऊन शिव्या देतात."

नुसत्या उपदेशावर भागवतील तर ते कंपाउंडर कसले. त्यांनी एक रीत पाडली होती. आमच्याकडे जुना नियम असा, की ज्यांचं भांडण आहे त्यांनी मेळ केल्याशिवाय प्रभुभोजन घ्यायचं नाही. लोक काय करायचे, शनिवारी संध्याकाळी भांडणाऱ्याच्या दारात जाऊन "सलाम" म्हणायचे आणि परत फिरायचे. मेळ झाला. भाऊंना हे पटेना. त्यांनी शनिवारी दुपारी देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ओसरीवर भुईनिंबाच्या काढ्याची बाटली आणि दोन चमचे ठेवायला सुरुवात केली. नियम सोपा होता. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं चमचाभर काढा तोंडात घ्यायचा आणि दुसऱ्यानं बोलायचं. बोलणारा "झालं" म्हणेपर्यंत गिळायचं नाही, थुंकायचं नाही. मग अदलाबदल.

भुईनिंब ज्यानं चाखला आहे त्यालाच हे कळेल. डोळ्यांतून पाणी येतं, कान गरम होतात, आणि मध्ये तोंड घालून "खोटं आहे!" म्हणावं म्हटलं तर म्हणता येत नाही. दोन जावा सहा वर्षं बोलत नव्हत्या. पहिलीनं बोलायला सुरुवात केली आणि दुसरीचा काढ्यानं वाकडा झालेला चेहरा पाहून तिला हसूच आवरेना. हसता हसता "झालं, झालं, गिळ माय" म्हणाली. सहा वर्षांचं भांडण एका चमच्यात गेलं. भाऊ मात्र हिरमुसले. म्हणाले, "काढा वाया गेला. भांडण का होतं ते मले समजलंच नाई."

आता माझ्याकडे येतो.

मी कोळसा खाणीच्या ऑफिसात कारकून होतो आणि मंडळीचा सेक्रेटरी. भाऊ मला शास्त्री म्हणत. शुभवर्तमानात येशूच्या चुका काढणाऱ्या परुश्यांच्या बरोबर कायम ज्यांचं नाव येतं, त्यांच्यावरून. एका हिवाळ्यात माझी बायको रूथ मला न विचारता तिच्या बहिणीबरोबर वडश्याला झाडीपट्टीचं नाटक पाहायला गेली. मी तिच्याशी बोलणं बंद केलं. एकोणीस दिवस. काही हवं असलं तर अंगणातल्या कोंबडीकडे पाहून सांगायचो, "चहा मिळाला असता तर बरं झालं असतं."

रूथनं हे भाऊंना सांगितलं असणार. पुढच्या रविवारी उपदेश निघाला तो कलस्सैच्या पत्रावरून, नवऱ्यांनी बायकांशी कसं वागावं त्यावर. भाऊ म्हणाले, "मराठीत इथी दुसरा शब्द घातला आहे, पण मुळात आपला पिक्रियाच आहे. बायकोसंग कडू होऊ नका. आता आपल्या मंडळीत एक भाऊ आहे. मी नाव सांगत नाई. त्याले चहा लागला का कोंबडीले सांगते. म्या म्हणतो, सांग बाप्पा. पण कोंबडी पत्ती कुठून आणंन?"

देऊळ हसून हसून हललं. सगळ्यात मोठ्यानं हसली रूथ.

शनिवारी आम्ही ओसरीवर. पहिला चमचा माझ्या तोंडात. रूथनं बोलायला सुरुवात केली ती त्या नाटकाच्या गोष्टीपासून. पहिला अंक, दुसरा अंक, कोणाचं सोंग चांगलं झालं, पडदा कुठे अडकला, सगळं. एकोणीस दिवस तिला ते कोणाला तरी सांगायचं होतं. मी काढा तोंडात धरून डोळे पुसत होतो. शेवटी म्हणाली, "मले तुमच्यासंगच जायचं होतं. पण तुम्ही म्हणले असते, ख्रिस्ती माणसानं नाटकाले जाऊ नये. म्हणून नाई विचारलं. झालं."

मी गिळला. माझी पाळी आली तेव्हा तिनं चमचा तोंडात घेताच मी "झालं" म्हणालो. घरी गेल्यावर तिनं मला विचारून चहा ठेवला. घर बरं झालं. मी झालो नाही. कारण मंडळीतली माणसं पुढे वर्षभर मला पाहिलं की "कॉक कॉक" करत होती. बाजारात, बसस्टँडवर, एकदा तर अंत्यविधीत. भाऊंनी उपदेशात ज्याबद्दल एवढं सांगितलं होतं ते मूळ माझ्या आत वाढत होतं, आणि त्याला पाणी घालायला मला फार आवडत होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

भाऊ संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात मला बायबल शिकवत. एकदा गणना या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढला. त्यात जुन्या काळचा एक विधी आहे. नवऱ्याला बायकोचा संशय आला तर याजक तिला कडू पाणी पाजतो आणि ती खरी की खोटी ते ठरवतो. भाऊंनी अध्याय वाचला आणि पुस्तक मिटलं. "हे मंडळीत नाई शिकवायचं, शास्त्री. नवरे उद्या हंडे घेऊन रांगेत लागतील." हा अध्याय त्यांनी मला एकट्यालाच शिकवला होता.

मी पत्र लिहिलं ते त्याच अध्यायावरून. चंद्रपूरच्या कोर्टाजवळच्या एका टायपिस्टकडून टाइप करून घेतलं आणि मिशनच्या वरच्या साहेबांना पाठवलं. सायमन कंपाउंडर हा देवळात बायकांना बोलावून गणना पाचमधलं कडू पाणी पाजतो, त्यावर मंत्र म्हणतो, हा जादूटोणा आहे. जादूटोणा हा शब्द आमच्या भागात काय करतो, हे मला पूर्ण माहीत होतं. म्हणूनच तो घातला.

चौकशीला तीन साहेब आले. सभा देवळातच भरली. मी टेबलाशी रजिस्टर घेऊन. मोठ्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही लोकांना काय पाजता?"

"घेऊन पाह्यता का?" भाऊंनी बाटली पुढे केली.

साहेब धीट निघाले. चमचाभर तोंडात घेतला. पुढची पाच मिनिटं चौकशी बंद पडली. दुसरे साहेब त्यांच्या पाठीवर थापा मारत होते आणि भाऊ शांतपणे सांगत होते, "गिळा साहेब. तुमचं कोणाशी भांडण नाई, तुम्हाले गिळाची परवानगी आहे."

मग पत्र वाचलं गेलं. 'गणना, अध्याय पाचवा' हे शब्द आले तेव्हा भाऊंनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एक श्वास घ्यायला लागतो तेवढंच. मग पुन्हा साहेबांकडे पाहून म्हणाले, "लिहिणारा अभ्यासू दिसते."

"आरोपाबद्दल बोला."

"काढा देतो, हे खरं आहे. मंत्र म्हणत नाई. बायायले पाजतो तसा माणसाईलेही पाजतो. बाकी गोष्ट ज्यानं लिहिली त्याले इथी उभं करा. तो आला का दोघंही चमचा घेऊ."

कोणी उभं राहिलं नाही. मी मान खाली घालून लिहिलं, 'श्री. सायमन यांनी सर्व आरोप मान्य केले.' साहेबांनी न वाचता सही केली. तोंड अजून कडू होतं त्यांचं. निकाल असा झाला, की सायमन यांनी यापुढे उपदेश करू नये, शिकवू नये, देवळात पुढे उभं राहू नये.

घरी रूथ रडली. मी तिचं सांत्वन केलं. तेही नीट केलं.

निकाल देवळापुरता होता, जादूटोणा हा शब्द नव्हता. जंगलाकडच्या एका गावात भाऊ दर आठवड्याला सायकलवर गोळ्या घेऊन जात. तिथल्या माणसांनी त्यांना गावाबाहेरच अडवलं. मारलं नाही, शिवी दिली नाही. त्यांच्यापैकी अर्ध्यांचा हिवताप भाऊंनी उतरवला होता. हात जोडून म्हणाले, "भाऊ, आता नका येऊ. लोक घाबरून राह्यले." भाऊंनी गोळ्यांचा डबा तिथेच एका दगडावर ठेवला, कोणती कधी घ्यायची ते सांगितलं आणि सायकल वळवली. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि वर म्हणाले, "एकानं तर गोळी हातात घेऊन विचारलं, भाऊ, हे चाखली का तुम्ही?"

दवाखाना पुढे बंदच झाला. भाऊ चौदा वर्षं देवळात शेवटच्या बाकावर बसले. नवे उपदेशक आले. कोणी ग्रीक शब्द चुकीचा सांगितला तर मागून खोकला यायचा. पण तो 'पी'नंतरचा असेल तरच. आधीच्या अक्षरांबाबत ते बिचाऱ्याला पूर्ण मोकळीक देत. मला रोज भेटायचे. "काय शास्त्री?" म्हणायचे. तो प्रश्न होता की नुसती हाक, हे मी चौदा वर्षं ठरवू शकलो नाही.

रूथ वारली त्यानंतर मी एका सकाळी त्यांच्या घरी गेलो. ते तोपर्यंत बल्लारपूरला लेकीकडे राहायला गेले होते, रेल्वे फाटकाजवळ. पाय सुजलेले, खाटेवर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "भाऊ, ते पत्र मी लिहिलं होतं. रजिस्टरात खोटंही मीच लिहिलं."

त्यांनी शेंग सोलली. दाणे ताटात टाकले. "मालूम आहे नं."

"मग इतके वर्ष बोलले काऊन नाई?"

"तू बोलशीन म्हणून थांबून राह्यलो. लय वेळ लावला तू. बस."

मी बसलो. मला वाटत होतं आता ते म्हणतील, माफ केलं. तेही त्यांना कळलं असावं.

"म्या माफ केलं असं समजू नको," ते म्हणाले. "रोज सकाळी करतो. दुपारच्या जेवणापर्यंत टिकते. मंग त्या गावच्या लोकाईचे हात जोडलेले दिसतात न् पुन्हा टोचते. तुह्या नावानं किती शिव्या दिल्या म्या, तुले मालूम नाई. लेकीले वाटे, बुवा प्रार्थना करून राह्यला. लोकाईले शिकवलं पिक्रिया न् स्वतःच्या पोटात वावर पिकवलं."

"मी काय करू भाऊ?"

"मले सांगून काय फायदा? मले तर मालूमच होतं. ज्याईले मालूम नाई त्याईले सांग. रविवारी उभा राह्य आन् सांग. रजिस्टरात दुरुस्ती कर, खाली सही कर. मी येतो ऐकाले. मेल्यावर नको करू हं, शास्त्री. मेल्यावर लोक चांगलंच बोलतात, कोणी खरं मानत नाई."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो.

रविवारी ते खरंच आले. बल्लारपूरहून लेकीनं रिक्षा करून आणलं. काळा कोट घातला होता, तो त्यांच्या अंगात आता दोनदा गुंडाळता आला असता. शेवटच्या बाकावर बसले. उपदेशानंतर घोषणांची वेळ आली आणि मी कागद घेऊन पुढे उभा राहिलो. बुधवारची घरप्रार्थना कोणाकडे. संडे स्कूलची परीक्षा. महिला मंडळाची सभा. भाऊ दर वाक्याला मान हलवत होते, पाठांतर म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला गुरुजींनी धीर द्यावा तशी. कागद संपला. पुढचं कागदावर नव्हतं. मंडळीकडे पाहिलं, ज्यांनी कॉक कॉक केलं होतं ते आता म्हातारे होऊन जांभया देत होते, आणि बाकीच्यांना मी आदरणीय सेक्रेटरी होतो. चौदा-पंधरा वर्षांत मी तेवढंच कमावलं होतं.

"घोषणा एवढ्याच," मी म्हणालो आणि बसलो.

शेवटचं गीत झालं. आशीर्वाद झाला. लोक बाहेर निघाले, भाऊ बसूनच होते. त्यांना वाटलं असावं, मी आशीर्वादानंतर बोलेन. मग लेक त्यांना उठवायला आली.

त्यानंतरच्या गुरुवारी ते गेले. अंत्यविधीत मला चार शब्द बोलायला सांगितलं आणि मी ते चांगले बोललो.

पण मला ते दिसतात त्या रविवारी. लेकीनं त्यांना रिक्षात बसवलं, पाय उचलून आत घेतले. मी जवळ गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर मी तिथेच मोकळा झालो असतो. ते म्हणाले, "आवाज अजून खणखणीत आहे तुहा." मग रिक्षावाल्याला थांब म्हणून हात केला आणि दवाखान्याच्या खिडकीशी पेशंट विचारायचे तशा साध्या आवाजात मला विचारलं, "मंग पुढच्या रविवारी येऊ का?"

"या भाऊ," मी म्हणालो.

"येतो," म्हणाले, आणि लेकीला म्हणाले, "कोट बाहेरच ठेव. पेटीत घालू नको."